समोरची बाजू

रजनी भोयर माझ्याकडे वरची खोली बघायला आली तेव्हा तिनं भाडं विचारलं नाही, नळ किती वाजता येतो तेही विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून तिनं एक टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत राहिली. मग चारही भिंतींवर बोटांनी टकटक करून पाहिलं, डॉक्टर पोट तपासतात तसं. मी दारात उभी. तीस वर्षं हिंगणघाटच्या शाळेत गणित शिकवलं, तऱ्हेवाईक पोरं पुष्कळ पाहिली, पण घराची तब्येत तपासणारी भाडेकरीण पहिल्यांदाच पाहत होते.

"मॅडम, तुमचा कुकर किती वाजता लागते?" हा तिचा पहिला प्रश्न.

"काऊन?"

"त्या टाइमले मी रेकॉर्डिंग नाई ठेवणार."

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. रजनी व्हायोलिन वाजवायची, गाणी स्वतः लिहायची, त्यांना चाल स्वतः लावायची, आणि कुठल्या ओळीमागे कुठलं वाद्य वाजेल हेही तीच ठरवायची. सहा वर्षं ती माझ्या डोक्यावर राहिली. त्या सहा वर्षांत माझा कुकर, मिक्सर आणि मोलकरणीची भांडी, सगळं तिच्या वेळापत्रकावर चालायला लागलं. मी चिडायची, पण घड्याळ बघूनच वाटण वाटायची.

मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात कूलर बंद करणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर त्याच्याकडची लाइन गेलेली असते. रजनी रोज दुपारी आपल्या हातानं कूलर बंद करायची, पंखा बंद करायची, खिडक्या लावायची. भिंतींवर जुन्या गोधड्या टांगलेल्या. त्यात जमिनीवर मांडी घालून, उजवा पाय थोडा पुढे काढून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून ती तासन् तास वाजवायची. खाली यायची तेव्हा ओढ्यातून निघाल्यासारखी चिंब. आधी व्हायोलिन पुसायची, मग गज पुसायची, आणि सगळ्यात शेवटी तोंड.

तिचे वडील इथल्या कापडगिरणीत कामाला होते आणि भजनी मंडळात व्हायोलिन वाजवायचे. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान अधू झालेले. म्हणून ते वाजवताना लेकीला विचारायचे, "सुरात आहे काय वं?" आणि सात वर्षांची रजनी सांगायची, "नाई बाबा, खाली आहे. अजून खाली आहे. आता आला." हे तिनंच मला सांगितलं, कौतुकानं. मला मात्र ते ऐकून त्या पोरीचीच काळजी वाटली. ज्या वयात पोरं बापाच्या खांद्यावर बसतात, त्या वयात ही बापाच्या चुका काढत बसली होती. ती सवय पुढे सुटली नाही.

नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात ती काही वर्षं होती. तिथून ती का सुटली, तो किस्सा वर्ध्यात घडला. भरल्या सभागृहात गायक रंगात आला होता आणि सूर चढवत चालला होता. लोक टाळ्या देत होते. रजनीनं मध्येच गज खाली ठेवला, आपल्या समोरचा माइक ओढून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही वर जाऊन राह्यले. खाली या." लोकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच विनोद आहे. ते खो खो हसले. गायक काही हसला नाही. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही.

"तुझं काय चुकलं ते कळलं का?" मी तिला विचारलं होतं.

"माझं? चुकला तर तो."

"सोबत वाजवायचं असलं तर थोडं सांभाळून घ्यावं लागते, रजनी."

"तुम्ही सांभाळून घेतलं काय कधी? सात पाचा पस्तीसच्या जागी छत्तीस चालवले?"

आता यावर गणिताच्या बाईनं काय बोलावं!

मग तिनं माणसंच सोडली. एका गाण्यात आठ व्हायोलिनं असली तर आठही ती वाजवायची, एकावर एक आवाज चढवत. गायची तीच, मागे साथ द्यायचीही तीच. पुण्या-बंगळुरूकडचे कुणी कुणी तिला गाणी पाठवायचे. त्यांना व्हायोलिन लावून ती परत पाठवायची, एकाचंही तोंड न बघता. स्वतःची गाणी स्वतःच्या चॅनलवर टाकायची. वेणा नदीवर होतं एक, जिनिंग मिलमध्ये कापूस निवडणाऱ्या बायांवर होतं एक. गाणी चांगली होती. अगदी इस्त्री केल्यासारखी. पण ऐकणारे मोजकेच, आणि त्यातली एक मी, तीही जिन्याखालून.

या सगळ्यात तिला एका माणसाचा धाक होता. ती म्हणजे मोठमाय, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई लवकर गेल्यामुळे रजनीच्या उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला, मोठमायच्या अंगणात गेल्या होत्या. मोठमाय विहिणीची गाणी म्हणण्यात त्या भागात नावाजलेली. लग्नाची पंगत बसली की नवरीकडच्या बाया एका बाजूला, नवरदेवाकडच्या समोर. इकडून एकीनं विहिणीचं नाव घेऊन गाण्यातून टोमणा मारायचा, तिकडून तिला गाण्यातच उत्तर यायचं. जिला उत्तर सुचलं नाही ती हरली. मोठमाय कधी हरली नव्हती, कारण ती तयारीनं जायची. लग्न ठरलं की बांगडीवाली आणि माहेरवाशिणी अशा सगळ्यांकडून ती विहिणीची माहिती काढायची. बाई घोरते का, तंबाखू खाते का, सुनेला काय बोलते. लग्नाच्या दिवशी त्या बिचाऱ्या विहिणीचं सगळं चरित्र दोन-दोन ओळींत बाहेर यायचं, आणि तिलाही हसू आवरायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी मोठमाय डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला आली आणि पुढचे पंधरा दिवस हिंगणघाटला रजनीकडे राहिली. सत्तरी उलटलेली, आवाज चिरका, पण टणक. रजनीनं ठरवलं की ही गाणी आता धरून ठेवायची. मोठमायनंतर ती म्हणणारं कुणी नाही, हे तिला ठाऊक होतं. मला म्हणाली, "मॅडम, ही गेली का सारं जाईन. एवढं एक काम माझ्या हातून झालं पाहिजे." मी तिला इतक्या कळकळीनं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

तिनं म्हातारीच्या आणि आपल्या कानाला हेडफोन लावले, समोर माइक ठेवला, कूलर बंद केला. मोठमाय माइककडे बघत बसली.

"म्हण न, मोठमाय."

"कोनाले म्हनू? या दांडीले?"

"असंच म्हण. मी रेकॉर्ड करून राह्यली."

"समोर विहीन नाई, तं टोमना कोनाले मारू वं? भिताडाले?"

दोन दिवस असंच चाललं. शेवटी मीच वर गेले आणि म्हातारीच्या समोर फतकल मारून बसले. म्हटलं, समजा मीच विहीण. मोठमायनं एकदा मला खालून वर पाहिलं. आल्यापासून माझ्याच घरचं खात होती, माहिती तिच्याजवळ तयारच होती. लगेच सुरू झाली:

"गणिताच्या मॅडमचा हिशोब लई फार ग,
सात आल्या पाहुण्या, पोळ्या केल्या चार ग!"

मी अशी हसले की माझ्या बांगड्या वाजल्या. मोठमाय हसली, हसता हसता तिला ठसका लागला. पाणी प्यायली आणि पुन्हा त्याच जोरात पुढची ओळ. माझं नाक, माझा पातळ चहा, रागावले की वर जाणारी माझी भुवई, काही म्हणून सोडलं नाही. सुरुवातीला मी नुसतीच हसत होते. मग मलाही चेव आला आणि मीही बेसूर का होईना, एकदोन ओळी परत फेकल्या. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मोठमायचं तोंड लाल झालं होतं, नव्या नवरीसारखं.

रजनीनं आपल्या कानाचे हेडफोन काढले. "मॅडम, तुम्ही खाली जा."

"काय झालं?"

"तुमच्या बांगड्या, तुमचं हसणं, तिचा ठसका. काईच कामाचं नाई." आणि माझ्यासमोर तिनं ते सगळं पुसून टाकलं.

मला तिचा राग आला, आणि तो अजूनही गेलेला नाही. पण तेव्हा तिच्या कामातलं तिला जास्त कळतं, असं मानून खाली आले. मी बोलायला हवं होतं.

मोठमाय रोहण्याला परत गेली. रजनीनं तिच्याकडून चाली पाठ करून घेतल्या होत्या. मग दार लावून दोन महिने बसली आणि गाणं केलं. इकडची बाजू तिनंच म्हटली, तिकडची बाजूही तिनंच. आवाज थोडा बदलून. आठ व्हायोलिनं. कुठं ठसका नाही, कुठं बांगडी नाही. आणि विहीण हवी म्हणून तिनं मनानंच एक नाव घेतलं, शेवंता:

"आली आली शेवंता, मिरवत मिरवत ग,
फाटकी पिशवी आपली लपवत लपवत ग!"

हे गाणं मात्र चाललं. असं चाललं की ती स्वतः घाबरली. हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत एकही लग्न त्याच्याशिवाय होईना. पंगत बसली की डीजेवाला ते लावणार, हे ठरूनच गेलं. मुंबईहून कार्यक्रमासाठी फोन आले, वर्तमानपत्रवाले येऊन माझ्या जिन्यात तिचा फोटो काढून गेले. पंधरा-वीस वर्षं एकटीनं खपल्यावर तिच्या वाट्याला पहिल्यांदा यश आलं होतं. मी पेढे वाटले. खरंच आनंद झाला होता मला.

त्याच उन्हाळ्यात गिरडच्या बाजूला एका लग्नाला गेले होते. पंगतीत गाणं लागलं आणि नवरदेवाची आई पानावरून उठली. का, तर तिचं नाव खरोखरच शेवंता. नवरीचा बाप हात जोडून सांगतोय, "बाई, हे मोबाइलमधलं गानं हाय, आमी नाई लावलं नाव!" बाई ऐकेना. ती म्हणे, "सात जिल्ह्यांत दुसरं नाव नाई भेटलं तुमाले?" शेवटी गाणं बंद केलं तेव्हा बाई पानावर बसली.

मी घरी येऊन रजनीला ही गंमत सांगितली. ती पोट धरून हसली. मग सहज विचारलं, "गाणं बंद केल्यावर बायांनी काय म्हटलं?"

"काय म्हणणार? जेवल्या."

"म्हटलं नाई कोणीच?"

"कुणाला येतं आता? सगळ्या तुझंच लावतात."

तिचं हसू तिथंच थांबलं. ती वर गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही वरून काही आवाज आला नाही. कूलर मात्र चालू होता.

पुढच्या महिन्यात मोठमायच्या नातीचं लग्न होतं, रोहण्यालाच. रजनी मला ओढून घेऊन गेली. मोठमाय हिरवं लुगडं नेसून मांडवात सतरंजीवर बसली होती. मी शेजारी बसले, तर कानाशी येऊन सांगू लागली की नवरदेवाची आई दिवसातून चार वेळा पावडर लावते आणि कोंबडीला भिते. सगळी माहिती महिनाभर आधीच काढून झाली होती. म्हातारी ओठातल्या ओठात ओळी घोळवत होती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी.

दुपारी पंगत बसली आणि भोंग्यातून आठ व्हायोलिनं सुरू झाली. "आली आली शेवंता." पोरी नाचायला लागल्या. कुणीतरी मोठमायला कौतुकानं म्हणालं, "पाय वं, आपल्या रजनीचं गानं!" मोठमाय मान हलवत राहिली. तिचे ओठ थांबले होते.

रजनी उठली. डीजेवाल्याकडे जाऊन म्हणाली, "बंद कर."

"ताई, तुमचंच गानं हाय न?"

"म्हणूनच म्हणून राह्यली." तिनं वायरच ओढली.

रजनी परत येऊन मोठमायला म्हणाली, "म्हण, मोठमाय. आता म्हण."

मोठमायनं समोर पाहिलं. समोरच्या बाया मोबाइल हातात धरून बघत होत्या, आता काय होतंय म्हणून. "कोनाले म्हनू?" ती हळूच म्हणाली. "उत्तर देनारी कोन हाय तिकडं?"

तेव्हा रजनी काय सुचून कुणास ठाऊक, उठली आणि समोर नवरदेवाकडच्या बायांमध्ये जाऊन बसली. व्हायोलिन नाही, काही नाही, नुसतीच बसली. म्हातारीच्या डोळ्यांत एकदम जीव आला. नवरदेवाची आई राहिली बाजूला, तिनं नेम रजनीवर धरला:

"आमची रजनी गुणाची, एकटी आठ झाली ग,
एकटीच वरमाय, एकटीच करवली ग,
पंगत बसली गावाची, एकटीच जेवली ग!"

अख्खा मांडव हसला. मलाही आधी हसू आलं आणि मग आलं नाही. मोठमाय हात कमरेवर ठेवून उत्तराची वाट बघत होती. रजनीनं तोंड उघडलं. जिनं इतकी गाणी लिहिली, तिच्या तोंडून एक ओळ निघेना. एक सूर निघाला, तोही बेसूर, आणि थांबला. बाया थांबल्या, वाढपी थांबले. म्हातारी डोळ्यांनी म्हणत होती, बोल, काहीही बोल. रजनीच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी कुणाला तरी तिची दया आली आणि त्यानं वायर परत जोडली. भोंग्यातून रजनीचाच आवाज आला, स्वच्छ, सुरेल, विहिणीच्या बाजूनं टोमण्याला बिनचूक उत्तर देणारा. मोठमायनं तोंड फिरवलं आणि पानावरचा घास उचलला.

दुसऱ्या दिवशी रजनीनं आपल्या चॅनलवरून ते गाणं काढून टाकलं. मुंबईच्या लोकांना नाही म्हणून कळवलं. मी म्हटलं, "अगं, हातातोंडाशी आलेला घास आहे." ती म्हणाली, "घास कोणाचा होता, मॅडम?" गाणं काढून काही उपयोग झाला नाही. ते सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होतंच. आजही लागतं.

त्यानंतर दर रविवारी ती रोहण्याला जायला लागली. व्हायोलिन घरी ठेवून. मोठमाय अंगणात बसून तिला टोमणा द्यायची आणि ही उत्तर शोधत बसायची. संध्याकाळी परत आली की मी विचारायची, "आज?"

"सुचलं."

"मग म्हटलंस?"

"बसमध्ये सुचलं. पुलगाव सोडल्यावर."

असे कितीतरी रविवार गेले. मी थट्टा करायची की पुढच्या वेळी मोठमायलाच एसटीत बसव. ती हसायची, पण मला दिसत होतं, तिला हे फार लागलं होतं. चूक झाली तर चालेल, हे तिला चाळिशीत शिकायचं होतं, आणि ते लहानपणी शिकण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

गेल्या दिवाळीनंतर मोठमायला लकवा आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. रजनीनं माझी खोली सोडली आणि ती रोहण्यालाच राहायला गेली. जाताना भिंतीवरच्या गोधड्या धुऊन, घडी करून माझ्या हवाली केल्या.

संक्रांतीच्या आधी मी भेटायला गेले. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. मोठमाय बाजेवर उशांना टेकून बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. मला ओळखलं. डावा हात थोडा उचलला. रजनीनं मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः बाजेच्या समोर, जमिनीवर बसली. मग टाळी धरून गायला लागली:

"मोठमायच्या जिभेले होती मोठी धार ग,
विहिणी साऱ्या कापल्या, आता गप्पगार ग!"

आजारी माणसाला असं बोलतात? मी रजनीकडे डोळे वटारले. आवाज तिचा बसलेला होता, दुसरी ओळ तर सरळ घसरली. पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी मोठमायकडे पाहिलं. म्हातारीचा अर्धा चेहरा हसत होता. खांदा हलत होता. घशातून कसलासा आवाज आला.

रजनी थांबली. पण टाळी थांबली नाही. ती नुसती ठेका देत राहिली, दोन ओळी म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा पूर्ण वेळ, एक शब्द न म्हणता. मग स्वतःची पुढची ओळ घेतली. पुन्हा थांबली. पुन्हा नुसती टाळी. मोठमायचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं.

ती मोकळी जागा मला सहन होईना. मला मोठमायच्या दोन-तीन ओळी पाठ होत्या. त्यातली एखादी म्हणून टाकावी म्हणून मी तोंड उघडलं. रजनीनं माझ्याकडे न बघताच एक हात वर करून मला थांबवलं आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका धरून ठेवला. पाळी मोठमायची होती.